हिमालयापलीकडून येणारे पट्टकदंब हंस आणि तलावाकाठची रब्बी पिके : आमगाव परिसरासाठी माहिती व सल्ला

धानाची कापणी आटोपते, तलावाचे पाणी हळूहळू मागे सरकू लागते आणि काठावरच्या ओल्या जमिनीत हरभरा, गहू, लाखोळी वर येऊ लागते. याच सुमारास गोंदिया जिल्ह्यातील तलावांवर दूरचे पक्षी उतरतात. त्यातले काही जगातल्या सर्वात उंच पर्वतरांगा ओलांडून आलेले असतात. तलावाकाठी शेती असेल, तर या पाहुण्यांशी तुमचा थेट संबंध येतो. कधी ते नुसते पाण्यावर बसून राहतात, तर कधी रात्रीतून कोवळ्या पिकावर उतरतात.

या लेखात पट्टकदंब हंसाची ओळख, त्याचा प्रवास, त्याच्या मूळ घरी राहणारी माणसे, पिकाला होणारा त्रास आणि तो कमी करण्याचे उपाय दिले आहेत. मुख्य सल्ला असा : हंसांना शेतातून उठवा, पण तलावावर बसू द्या, आणि काठच्या शेतकऱ्याचे नुकसान त्याच्या एकट्यावर सोडू नका.

## ओळख

पट्टकदंब हंसाला पट्टेरी राजहंस असेही म्हणतात. त्याच्या खुणा अशा :

- पांढरे डोके आणि मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. नाव यावरूनच पडले आहे.
- राखाडी अंग, मानेच्या बाजूने खाली उतरणारा पांढरा पट्टा.
- पिवळसर-नारिंगी पाय व चोच. चोचीचे टोक काळे.
- वजन साधारण २ ते ३ किलो, म्हणजे पाळीव बदकापेक्षा मोठा पक्षी.
- थव्याने राहतो. उडताना नाकातून काढल्यासारखा घोगरा आवाज करतो.

याच काळात नदीपात्रात आणि तलावाकाठी नारिंगी-तांबूस रंगाची मोठी बदके जोडीने दिसतात. ती ब्राह्मणी बदके, म्हणजेच चक्रवाक. तीही लडाख-तिबेटच्या पठारावर वीण करतात.

सारसाशी मात्र या दोघांची गल्लत करू नका. सारस हा माणसाएवढा उंच, लाल डोक्याचा क्रौंच असून तो पाहुणा नाही. तो आपल्या जिल्ह्याचा कायमचा रहिवासी आहे आणि पावसाळ्यात धानाच्या बांधीतही घरटे करतो. त्याच्यासाठी घ्यायची काळजी वेगळी आहे. विषाचा धोका मात्र सर्वांना सारखाच आहे.

## कुठून येतात, कसे येतात

पट्टकदंबाची वीण मंगोलिया, तिबेटचे पठार, चीनमधील छिंगहाय सरोवराचा परिसर आणि आपल्या लडाखमधील उंचावरच्या सरोवरांवर होते. लडाखमधील त्सो मोरिरी सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे. आमगाव सुमारे ३०० मीटरवर. सरळ रेषेत मोजले तर दोन्हींमध्ये सुमारे १,३०० किलोमीटरचे अंतर आहे. मंगोलियाहून निघालेल्या हंसाचा प्रवास याहून कितीतरी लांबचा.

हा पक्षी एव्हरेस्टवरून उडतो, असे बऱ्याच ठिकाणी लिहिलेले असते. उपग्रह यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासात वेगळे चित्र दिसले. हंस शक्यतो खिंडी आणि दऱ्यांचा मार्ग धरतात आणि बहुतेक उड्डाणे ६,००० मीटरच्या खालीच होतात. नोंदलेली सर्वात मोठी उंची सुमारे ७,२९० मीटर आहे. ते जमिनीच्या चढउताराप्रमाणे वरखाली होत जातात. रात्री आणि पहाटे हवा थंड व दाट असते, म्हणून बरेच उड्डाण त्या वेळी होते.

त्या उंचीवर हवेतला प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्याहूनही कमी असतो. पट्टकदंबाच्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवते. फुप्फुसे शरीराच्या मानाने मोठी असतात आणि पंखांच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट असते. एवढे असूनही हा प्रवास अंगावरची चरबी जाळूनच होतो. म्हणून आपल्याकडच्या तीन-चार महिन्यांत पोटभर चारा आणि शांत विसावा मिळणे त्याच्यासाठी जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. मार्चच्या आसपास परत जाताना त्याच्याजवळ तेवढीच शिदोरी असते.

## त्याच्या घरची माणसे

लडाखच्या चांगथांग पठारावर चांगपा पशुपालक राहतात. पश्मिना देणाऱ्या शेळ्या, मेंढ्या आणि याक घेऊन ते ऋतूप्रमाणे कुरण बदलतात. त्सो मोरिरीच्या काठावर कोरझोक हे गाव आहे. तिथली जवाची शेते जगातल्या सर्वात उंचावरच्या शेतांत गणली जातात.

ज्या ओल्या कुरणांवर चांगपांची जनावरे चरतात, तिथेच हंसही चरतात. ते सरोवरातील बेटांवर आणि काठच्या दलदलीत घरटी करतात. साधारण चार ते सहा अंडी आणि सुमारे चार आठवडे उबवण, अशी त्यांची रीत. बौद्ध समाजात पक्षी मारणे वर्ज्य मानले जाते, त्याचा त्यांना आधार आहे. अलीकडे मात्र मोकाट कुत्री अंडी-पिले खातात आणि पर्यटकांची वर्दळ थेट पाण्यापर्यंत पोचते. त्सो मोरिरीला २००२ मध्ये आणि त्सो कारला २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला.

म्हणजे या एका पक्ष्याचे वर्ष दोन प्रकारच्या माणसांच्या भरवशावर चालते : उन्हाळ्यात पठारावरचे पशुपालक आणि हिवाळ्यात मैदानातले शेतकरी व मच्छीमार.

## आपल्याकडे काय खातात

पट्टकदंब मुख्यतः चरणारा पक्षी आहे. मासे हे त्याचे खाद्य नाही, त्यामुळे ढिवर बांधवांच्या मासळीला त्याच्यापासून धोका नाही. दिवसा तो तलावाच्या उघड्या काठावर किंवा पाण्यातील उंचवट्यावर विसावतो. संध्याकाळनंतर, रात्री आणि पहाटे चरायला निघतो. त्याचे खाणे असे :

- काठावरचे गवत आणि पाणवनस्पतींचे कोवळे भाग
- धान कापल्यावर बांधीत सांडलेला दाणा
- गहू, हरभरा, लाखोळी, वाटाणा यांचे कोवळे शेंडे
- तलावाच्या पोटातील गाळपेर जमिनीवरचे पीक

सर्वात जास्त त्रास गाळपेर करणाऱ्यांना होतो. जमीन उघडी, ओली, पाण्याला लागून आणि पीक कोवळे, अशी जागा हंसाला हवी तशीच असते. पाण्यापासून दूर, झाडांनी किंवा उंच धुऱ्यांनी वेढलेल्या बांधीत तो सहसा उतरत नाही. चारही बाजूंनी दूरवर दिसेल अशीच जागा तो निवडतो.

## नुकसान कोणाचे, हे आधी ओळखा

सकाळी पीक खाल्लेले दिसले की दोष समोर दिसणाऱ्या पक्ष्यावर जातो. पण रात्री ससे, चितळ, रानडुक्कर आणि मोकाट जनावरेही येतात. खुणा नीट पाहा :

- हंस : शेंडे वरून खुडल्यासारखे, लांबट, हिरवट, गवताच्या तंतूंनी भरलेली विष्ठा, चिखलात तीन बोटांचे पडदा असलेले ठसे, काही पिसे. नुकसान पाण्याकडच्या बाजूला जास्त.
- ससा : झाड तिरपे, धारदार कापलेले, बारीक गोल लेंड्या. नुकसान धुऱ्याजवळ.
- चितळ व इतर हरणे : शेंडे ओढून तोडलेले, खुरांचे ठसे.
- रानडुक्कर : जमीन उकरलेली, झाडे मुळासकट उपटलेली.

नुकसान किती झाले, हे पिकाच्या अवस्थेवरून ठरवा. कांडी धरण्याआधी गव्हाची पाने खुडली गेली आणि मुळे शाबूत असली, तर पीक बऱ्याच अंशी सावरते. हरभऱ्याचे शेंडे तर फांद्या फुटाव्यात म्हणून आपण स्वतःच खुडतो. खरे नुकसान दोन प्रकारे होते : मऊ चिखलात रोपे मुळासकट निघतात, किंवा त्याच जागी रोज चराई होऊन झाडाला फुटायला वेळच मिळत नाही. म्हणून पहिली चराई दिसताच उपाय करा.

## पीक वाचवण्याचे उपाय

उगवणीनंतरचे पहिले तीन ते चार आठवडे महत्त्वाचे असतात. एवढा काळ राखण नीट झाली तर पुढे त्रास बराच कमी होतो.

१. पाण्याकडची बाजू बंद करा. हंस बरेचदा पाण्यावरून चालत किंवा खालून उडत काठावर येतात. पाण्याच्या बाजूने खुंट्या ठोकून वीतभर आणि दोन वीत उंचीवर जाड सुतळीच्या दोन ओळी ताणा. त्यावर हातभर अंतरावर कापडाच्या चिंध्या किंवा चमकी फीत बांधा. सुतळी ताठ हवी. सैल दोरा, नायलॉनचे जाळे किंवा मांजा वापरू नका. त्यात पक्षी अडकून मरतात.

२. बुजगावणे हलते ठेवा. एकाच जागी उभ्या बुजगावण्याला पक्षी दोन-तीन दिवसांत सरावतात. दर दोन दिवसांनी जागा आणि कपडे बदला. वाऱ्याने हलणारे बुजगावणे अधिक उपयोगी.

३. पहाटेची फेरी. अंधार असताना आणि उजाडताना शेतातून एक फेरी मारा. टाळ्या, डबा किंवा टॉर्च पुरेसा असतो. एकमेकांना लागून शेते असलेल्या चार-पाच जणांनी पाळी लावली तर एकाची झोप रोज मोडत नाही.

४. पक्ष्यांसाठी जागा सोडा. शेतातून उठवलेला थवा कुठेतरी उतरणारच. तलावाला लागून धान कापलेल्या एक-दोन बांध्या जानेवारीअखेरपर्यंत नांगरू नका, तणसही जाळू नका. सांडलेला दाणा आणि उगवलेले गवत तिथे मिळाले तर पिकावरचा भार हलका होतो. हा उपाय गावाने मिळून ठरवला तरच साधतो.

५. उन्हाळी धानाचे पऱ्हे. उन्हाळी धान घेणार असाल तर पऱ्हे टाकण्याची जागा तलावाच्या उघड्या काठापासून दूर, घराजवळ निवडा. राखण सोपी जाते.

६. तलावावर हुसकू नका. पाण्यावर बसलेल्या थव्यावर दगड, फटाके किंवा कुत्री सोडू नका. दिवसा विसावा न मिळालेला हंस भुकेला राहतो आणि रात्री अधिक खातो. त्यात नुकसान तुमचेच आहे.

## हे कधीही करू नका

विषारी दाणे टाकू नका. विष फक्त हंसालाच लागेल असे कोणी सांगू शकत नाही. तोच दाणा सारस, मोर, होला, गावच्या कोंबड्या आणि बकऱ्याही खातात. मेलेला पक्षी कुत्रा किंवा घार खाते आणि तीही मरते. पाण्यात उतरलेले विष मासळीत आणि जनावरांच्या पिण्यात जाते. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार हा शिकारीचा गुन्हा ठरतो.

नकळत होणारी विषबाधाही टाळा :

- बीजप्रक्रिया केलेले बियाणे मातीने पूर्ण झाका. सांडलेले गोळा करून पुरा.
- दाणेदार कीटकनाशके पक्ष्यांना धान्यासारखी वाटतात. ती उघड्यावर, विशेषतः काठावर, पडू देऊ नका. फोरेटच्या विक्री व वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुना साठा असेल तर वापरू नका.
- उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष बिळाच्या आत टाकून बीळ बुजवा. धुऱ्यावर उघडे ठेवू नका.
- फवारणीचा पंप तलावात धुवू नका.

कुंपणात वीजप्रवाह सोडू नका. रात्री तिथून जाणारा माणूसच आधी सापडतो. दरवर्षी अशा तारांनी शेतकऱ्यांचे, त्यांच्याच घरच्यांचे आणि जनावरांचे जीव जातात.

## तलाव चांगला तर पीकही सुरक्षित

आपल्या भागातील बहुतेक जुने तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, सिंचनासाठी बांधले गेले. तलाव बांधणीत कोहळी समाजाचे कसब नावाजलेले आहे. या तलावांची ठेवण पाहा. पाळीच्या बाजूला खोल पाणी आणि दुसऱ्या बाजूला हळूहळू वर चढणारा उथळ काठ. या उथळ काठावर गवत, देवधान, कमळ, शिंगाडा वाढतो. तिथेच मासे अंडी घालतात आणि तिथेच हंस चरतात. काठावर चारा असेल तर थवा शेतात कमी येतो.

- गाळ काढताना काठ खरवडून तलाव सगळीकडे सारखा खोल करू नका. पाळीकडचा खोल भाग मोकळा करा, उथळ उतार राहू द्या. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून काम होत असेल तर ग्रामसभेत हे आधी सांगा.
- बेशरम आणि जलकुंभी काढा. बेशरमने काठ भरला की गवतही राहत नाही आणि मासळीही घटते. मुळासकट उपटून पाण्याबाहेर वाळवा.
- देशी पाणवनस्पती परत लावा. अर्जुनी मोरगाव भागात ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांनी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीने तलावांतील बेशरम काढून देशी वनस्पती लावल्या. तिथे देशी मासळी आणि पक्षी परत आले. जिल्ह्यातच असलेला हा अनुभव जाऊन पाहण्यासारखा आहे.

जिल्ह्यात नवेगावबांध आणि परसवाडा हे तलाव हिवाळी पक्ष्यांसाठी ओळखले जातात. पण थवे फक्त नावाजलेल्या तलावांवर थांबत नाहीत. गावचा साधा तलाव किंवा मोठी बोडी शांत असेल तर तिथेही उतरतात.

## नुकसान एकट्याचे नको

पाहुणे आले की गावाला कौतुक वाटते, बाहेरून लोक बघायला येतात, फोटो छापून येतात. पण खुडलेला हरभरा एकरभर गाळपेर करणाऱ्याचा असतो. कौतुक सगळ्यांचे आणि तोटा एकाचा, अशी वाटणी राहिली तर तो शेतकरी आज ना उद्या विषाच्या पुडीकडे वळेल. त्याला दोष देण्याआधी व्यवस्था उभी केली पाहिजे.

उंच डोंगरातल्या लोकांनी यावर वाटा शोधल्या आहेत. हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात किब्बर गावाच्या पशुपालकांची जनावरे हिमबिबट्या मारतो. तिथे २००२ मध्ये गावकऱ्यांनी संशोधकांच्या मदतीने गावपातळीवर पशुविमा सुरू केला. प्रत्येक घर ठरलेली रक्कम भरते, नुकसानीची खात्री गावची समिती करते आणि निधीतून भरपाई मिळते. निर्णय गावातच होत असल्याने खोटे दावे टिकत नाहीत.

जपानच्या मियागी प्रांतात काबुकुरी-नुमा या पाणथळीभोवतीचे भातशेतकरी हिवाळ्यात उतरणाऱ्या हंसांना वैतागले होते. पुढे काही शेतकऱ्यांनी कापणीनंतर खाचरांत पाणी भरून ठेवायला सुरुवात केली. हंस तिथे विसावू लागले आणि तो तांदूळ वेगळ्या ओळखीने विकला जाऊ लागला. २००५ मध्ये पाणथळ आणि भोवतीची भातखाचरे मिळून रामसर स्थळ झाले. आपल्याकडे रब्बीत पाणी मोलाचे असल्यामुळे ही रीत जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण धान आणि हंस एकत्र नांदू शकतात, हे त्यातून दिसते.

आपल्या गावात करता येईल असे :

- नोव्हेंबरच्या ग्रामसभेत तलावाकाठच्या शेतकऱ्यांची आणि गाळपेर करणाऱ्यांची यादी करा.
- मच्छीमार संस्था, ग्रामपंचायत आणि काठचे शेतकरी मिळून राखणीची पाळी आणि न नांगरलेल्या बांध्या ठरवा.
- ज्याची बांधी पक्ष्यांसाठी राहिली, त्याला गावनिधीतून किंवा बियाण्याच्या रूपाने मोबदला द्या.
- जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत तलाव, पक्षी आणि नुकसान या तिन्हींची नोंद ठेवा.

वन्यप्राण्यांमुळे पिकाचे नुकसान झाल्यास वनविभागाकडे अर्ज करता येतो. भरपाईच्या यादीत कोणते प्राणी-पक्षी आहेत आणि दर काय आहेत, हे शासन निर्णयानुसार बदलते. वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. नुकसान दिसताच तीन दिवसांच्या आत लेखी कळवा. तारीख दिसणारे फोटो काढा, सातबारा किंवा गाळपेरीचा कागद जोडा आणि पंचनाम्याआधी शेत मोडू नका.

## मेलेले पक्षी दिसल्यास

२००५ मध्ये छिंगहाय सरोवरावर एच५एन१ बर्ड फ्लूने हजारो रानपक्षी मेले. त्यात पट्टकदंब मोठ्या संख्येने होते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिली बर्ड फ्लूची साथ कोंबड्यांमध्ये आढळली. म्हणून घाबरू नका, पण काळजी घ्या :

- तलावाकाठी एकाच वेळी अनेक पक्षी मेलेले दिसल्यास हात लावू नका. पशुवैद्यकीय दवाखाना आणि वनविभागाला कळवा. वनविभागाची मदतवाहिनी १९२६ आहे.
- पाळीव बदके आणि कोंबड्या रानपक्ष्यांच्या तलावावर सोडू नका.
- मेलेला किंवा आजारी पक्षी खाऊ नका, कुत्र्यांनाही टाकू नका.

## विस्तार कार्यकर्त्यांसाठी

- तलावाकाठच्या गावांत रब्बी पेरणीच्या बैठकीत हा विषय घ्या. डिसेंबरमध्ये नुकसान झाल्यावर नव्हे.
- एका शेतात सुतळी-चिंध्यांचे प्रात्यक्षिक लावा आणि शेजारी उपाय नसलेले शेत ठेवून फरक दाखवा.
- थव्याची संख्या, तारीख, पिकाची अवस्था आणि चरलेले क्षेत्र एका वहीत लिहा. तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की भरपाईची मागणी आकड्यांनिशी मांडता येते.
- मंगोलियात गळ्यात सांकेतिक क्रमांकाचा पट्टा घातलेले हंस भारतात दिसले आहेत. असा पक्षी दिसल्यास पट्ट्याचा रंग आणि क्रमांक दुरूनच टिपा व वनविभागाला द्या.
- पीकविषयक अडचणींसाठी कृषी सहायक किंवा कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्या.

## हंगामाचे वेळापत्रक

- ऑक्टोबर : बेशरम काढणे, उतेऱ्याची लाखोळी-जवस पेरणी, काठच्या शेतांची यादी.
- नोव्हेंबर : ग्रामसभा, राखणीची पाळी, सुतळी-खुंट्यांची तयारी.
- डिसेंबर–जानेवारी : कोवळ्या पिकाची राखण, पहाटेची फेरी, नोंदी.
- फेब्रुवारी : पीक मोठे झाल्यावर सुतळी व फिती काढून ठेवणे, शेतात प्लॅस्टिक सोडू नये.
- मार्च : परतीच्या तयारीतील थव्यांना तलावावर शांतता, वर्षभराच्या नोंदी ग्रामपंचायतीत जमा.